थीमनुसार स्टाइलशीटची मांडणी

वेबसाइट किंवा ॲपमधील बटन, कार्ड, मेनू अशा घटकांचा सांगाडा एका जागी आणि त्यांवर चढणारे रंग, फॉन्ट व अंतरे दुसऱ्या जागी लिहिण्याची पद्धत. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथे एकच सॉफ्टवेअर अनेक ग्राहकांना त्यांच्या-त्यांच्या रंगांत देण्याचे काम चालते, तिथे ही रोजची गरज आहे.

पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेची पहिली अधिकृत शिफारस १९९६ची. पुढे २००६मध्ये आलेल्या सास (Sass) या सीएसएस तयार करून देणाऱ्या भाषेने व्हेरिएबल (मूल्य साठवणारी नावे) दिले. पण ते फाइल तयार होतानाच विरघळतात, ब्राउझरपर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे प्रत्येक थीमसाठी सहसा वेगळी फाइल काढावी लागे. कस्टम प्रॉपर्टी, म्हणजे सीएसएसची स्वतःची व्हेरिएबल, मात्र ब्राउझरमध्ये जिवंत राहतात आणि वरच्या घटकाकडून आतल्या घटकाकडे वारशाने जातात. पानाच्या मुळाशी एक खूण बदलली, की सगळी बटने एकदम गडद थीममध्ये जातात.

खरी कसोटी नावे ठेवण्यात आहे. ‘निळा’ हे नाव बटनाच्या नियमात थेट वापरले, की भगव्या बोधचिन्हाचा ग्राहक येताच ते खोटे ठरते. ‘मुख्य कृतीचा रंग’ हे नाव टिकते. म्हणून रंगांची मूळ यादी, त्यांना कामानुसार दिलेली नावे आणि घटकांचे नियम असे तीन थर करावेत. घटकाने फक्त मधल्या थराशी बोलावे. २०२२पासून प्रमुख ब्राउझरांत कॅस्केड लेयर (नियमांचे क्रमाने लावलेले गट) आले आणि कोणता नियम वरचढ, हे आधीच ठरवता येऊ लागले. साध्या आकाराचा मजकूर व पार्श्वभूमी यांतला ४.५ : १ हा किमान कॉन्ट्रास्ट मात्र प्रत्येक थीममध्ये वेगळा तपासावा लागतो.

मराठी पडद्यांसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते, आणि ती फार वेळा राहून जाते. इंग्रजी थीममध्ये अक्षरांतले अंतर वाढवलेले असेल, तर ‘नोंदणी करा’ या बटनावरची शिरोरेखा तुटते, अक्षरे सुटी पडतात. ओळीची उंची आखूड आणि बाहेर जाणारा मजकूर लपवलेला असेल, तर ‘विद्यार्थ्यांची’मधला रफार आणि अनुस्वार वरून छाटले जाऊ शकतात, ‘पुणे’चा उकार खालून जातो. हे नियम रंगांच्या थीममध्ये मिसळू नयेत. ते पानाच्या भाषेच्या खुणेला जोडावेत, म्हणजे थीम उजळ असो वा गडद, मराठीला तिची उंची मिळते आणि अक्षरांतले अंतर शून्यच राहते.