‘अफूची गोळी’: मूळ वाक्य काय आहे?

‘कार्ल मार्क्सने धर्माला अफूची गोळी, म्हणजे राज्यकर्त्यांनी जनतेला मुद्दाम चारलेले विष म्हटले’, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो. मूळ जर्मन वाक्यात ‘गोळी’ नाहीच. ती मराठीची भर आहे. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या कायदेविषयक तत्त्वज्ञानावरील टीकेच्या, १८४४ साली पॅरिसमध्ये छापलेल्या प्रस्तावनेत मार्क्स धर्माला ‘जनतेची अफू’ म्हणतो, ‘जनतेसाठीची’ नव्हे. आणि त्याच्या लगेच आधी धर्म हा पिडलेल्या जिवाचा उसासा व हृदयशून्य जगाचे हृदय असल्याचे लिहितो. त्या काळी युरोपात अफू वेदनाशामक म्हणून सर्रास वापरली जाई. अर्थात ही धर्माची स्तुती नव्हे: दुःखाचे कारणच दूर झाले, तर या औषधाची गरज उरणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. पडताळायचे असल्यास कोणत्याही पूर्ण भाषांतरात तो परिच्छेद सुरुवातीपासून वाचावा.