मधुमेहातील डोळ्याची इंजेक्शने आणि दृष्टिपटलाचा रक्तप्रवाह

मधुमेहामुळे दृष्टिपटलाला (बोलण्यात ‘पडद्याला’) सूज आली किंवा त्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या, तर डोळ्याच्या आत औषध टोचतात. यातली बहुतेक औषधे व्हीईजीएफ या प्रथिनाला अडवतात. बेव्हॅसिझुमॅब, रानिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही नेहमीची; अलीकडचे फॅरिसिमॅब अँजिओपॉयटिन-२ हा आणखी एक रेणूही रोखते. इंजेक्शनने ‘पडद्याचा रक्तपुरवठा वाढतो’ अशी अनेक रुग्णांची समजूत असते. प्रत्यक्षात गळती थांबते. बंद पडलेल्या वाहिन्या सहसा उघडत नाहीत, आणि चालू वाहिन्यांतला प्रवाह काही काळ घटूही शकतो.

रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की केशवाहिन्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेरिसाइट पेशी मरतात, पांढऱ्या पेशी वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात आणि एकेक केशवाहिनी बंद पडत जाते. ऑक्सिजनला मुकलेला भाग मग व्हीईजीएफ सोडू लागतो. हे प्रथिन १९८३ मध्ये प्रथम नोंदले गेले ते वाहिन्या पाझरायला लावणारा घटक म्हणून. नव्या वाहिन्या वाढवण्याचा त्याचा गुण १९८९ मध्ये पुढे आला. त्याचे तिसरे काम रक्तप्रवाहाच्या दृष्टीने कळीचे आहे: ते वाहिनीच्या अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड तयार करवून घेते आणि त्यामुळे वाहिनी रुंदावते.

व्हीईजीएफ अडवला की हे रुंदावणेही ओसरते. इंजेक्शननंतर दृष्टिपटलातल्या लहान धमन्या अरुंद झाल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. लेझर स्पेकल पद्धतीने मोजलेला प्रवाहही काही अभ्यासांत घटलेला दिसतो. मात्र सगळ्या मोजमापांचा कौल एकसारखा नाही. हे आकुंचन निव्वळ तोट्याचेही नाही. धमनी अरुंद झाली की पुढच्या केशवाहिन्यांतला दाब उतरतो, भिंतीतून बाहेर ढकलले जाणारे पाणी कमी होते आणि सूज ओसरायला मदत होते.

औषधाच्या परिणामाआधी टोचण्याचाच परिणाम दिसतो. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून बारीक सुई आत जाते आणि साधारण ०.०५ मिलिलिटर द्रव सोडला जातो. थेंबाएवढेच औषध, पण डोळा बंदिस्त असल्याने आतला दाब क्षणात चढतो. रक्ताला आत शिरायचे तर या दाबावर मात करावी लागते. म्हणून सुई काढताच डॉक्टर बोटे मोजायला लावतात किंवा उजेड दिसतो का विचारतात: काहीच दिसत नसेल, तर दृष्टिपटलाच्या मुख्य धमनीतला प्रवाह अडल्याची शंका घेऊन दाब लगेच उतरवावा लागतो. बहुतेकांचा दाब अर्ध्या-एक तासात आपोआप खाली येतो. काचबिंदूच्या रुग्णांत मात्र जास्त जपावे लागते.

बंद केशवाहिन्या पुन्हा वाहू लागतात का, हा सर्वांत वादाचा मुद्दा. डाय न टोचता वाहिन्यांचे जाळे दाखवणाऱ्या ओसीटी अँजिओग्राफीत उपचारानंतर कधीकधी जाळे भरल्यासारखे दिसते. पण सुजेतल्या पाण्याच्या पोकळ्या केशवाहिन्यांना बाजूला सारतात. पाणी हटले की त्या जागेवर येतात आणि नवा प्रवाह सुरू झाल्याचा भास होतो. शिवाय अतिशय मंद प्रवाह या यंत्राला दिसतच नाही. त्यामुळे अशा एका चित्रावरून ‘रक्तपुरवठा परत आला’ म्हणणे घाईचे ठरते. डाय टोचून पडद्याचा मोठा भाग टिपणाऱ्या, रुंद क्षेत्राच्या फ्लुरेसिन अँजिओग्राफीत तर रक्तस्राव आणि गळती कमी होऊनही रक्तहीन पट्टे बव्हंशी तसेच राहिलेले दिसले आहेत. भरवशाचा फायदा वेगळाच आहे: रानिबिझुमॅबच्या राइज आणि राइड या मोठ्या चाचण्यांत, केवळ टोचल्याचा देखावा केलेल्या डोळ्यांच्या तुलनेत, औषध मिळालेल्या डोळ्यांत आणखी केशवाहिन्या बंद पडण्याचा वेग मंदावला होता. व्हीईजीएफ पांढऱ्या पेशींना भिंतीला चिकटायला लावतो, हे त्याचे एक संभाव्य कारण.

पडद्याच्या मध्यबिंदूच्या केशवाहिन्याच मोठ्या प्रमाणात बंद असतील, तर सूज पूर्ण उतरूनही अक्षरे स्पष्ट होत नाहीत. ‘रिपोर्ट चांगला, मग दिसत का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा इथे असते. डोळ्यात स्टिरॉइड टोचल्यानेही सूज उतरते, पण मोतिबिंदू आणि डोळ्याचा दाब वाढण्याचा धोका असतो.

लेझर उपचाराची गोष्ट निराळी. तो कडेचा दृष्टिपटल जाळून ऑक्सिजनची मागणीच घटवतो, त्यामुळे परिणाम टिकतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रोटोकॉल एस या चाचणीत, नव्या वाहिन्या फुटलेल्या डोळ्यांत दोन वर्षांनंतरच्या दृष्टीबाबत रानिबिझुमॅब लेझरपेक्षा कमी ठरले नाही. पण चाचणीतले रुग्ण ठरलेल्या तारखांना येत होते. औषधाचा अंमल काही आठवड्यांचा. रक्तहीन भाग तसाच असल्याने फेऱ्या चुकल्या की व्हीईजीएफ पुन्हा चढतो आणि वाहिन्या परत फुटतात. लांबून येणाऱ्या, तपासणी चुकवण्याची शक्यता असलेल्या रुग्णाला अनेक पडदातज्ज्ञ म्हणूनच आजही लेझर सुचवतात.