बालकल्याण समितीसमोरची कुटुंबं आणि सोशल वर्कर: दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

बालकल्याण समितीच्या बैठकीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसलेल्या आया पाहाव्यात. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, शाळेचा दाखला आणि या सगळ्यांच्या झेरॉक्स. धुण्याभांड्याच्या कामावर त्या दिवशी खाडा झालेला असतो. आत अध्यक्ष आणि चार सदस्यांची समिती, दंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेली. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल कुठे राहील, हे ती ठरवते. बाईला एकच विचारायचं असतं: "मॅडम, पोरगं कधी देणार?" त्याचं उत्तर बऱ्याच अंशी एका कागदावर ठरतं. तो म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल आणि तो लिहिणारा माणूस म्हणजे सोशल वर्कर.

हा कार्यकर्ता कुटुंबाचा आधार असावा, असं आज आपण गृहीत धरतो. कायद्याने मात्र त्याला मुळात नेमलं ते चौकशीसाठी. कुटुंबाला साथ देणं हे काम फार उशिरा आणि तुकड्यातुकड्याने त्याच्याकडे आलं. आजची बरीचशी ओढाताण त्यातूनच आली आहे.

कोर्टाचा संबंध नसतानाही या मातीत एक सुरुवात झाली होती. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, सुरक्षित बाळंत व्हावं, मूल ठेवावं किंवा सोपवावं, अशी सोय होती. मूल वाचवायचं तर आधी आईला हात द्यायला हवा, ही समज त्यामागे होती. सरकारी व्यवस्थेला ती यायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

सरकारी वाट वेगळी होती. १८५० च्या कायद्याने गुन्ह्यात सापडलेल्या किंवा निराधार मुलांना कारागिराच्या हाताखाली उमेदवार म्हणून बांधून देता येऊ लागलं. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा उभी राहिली. १८७६ आणि १८९७ चे सुधारशाळांचे कायदे त्याच धाटणीचे. पोराला वाईट संगतीतून उचलायचं, शिस्त आणि हुन्नर शिकवायचा. त्या संगतीत आईबापही धरले जात. घरी काय चाललंय हे बघायला जाणारं कोणी नव्हतं, कारण मुलाला त्या घरी परत पाठवायचा विचारच नव्हता.

१९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालयं हवीत असं सांगितलं. मग मद्रासमध्ये १९२०, बंगालमध्ये १९२२ आणि मुंबई इलाख्यात १९२४ साली बालकांचे कायदे झाले. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि डोंगरीच्या उमरखाडीतल्या जुन्या तुरुंगाच्या इमारतीत मुलांचं रिमांड होम आलं. या नव्या व्यवस्थेतला महत्त्वाचा माणूस होता परिविक्षा अधिकारी. तो मुलाच्या घरी जाई, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोले, शाळेत विचारपूस करी आणि न्यायालयाला कळवी. न्यायालयाच्या वतीने कोणीतरी चाळीचा जिना चढून वर गेलं, ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. पण तो जाई न्यायालयाचे डोळे म्हणून.

या कामासाठी माणसं तयार करायला हवीत हे मुंबईतच उमगलं. नागपाड्याच्या नेबरहूड हाउसमध्ये वस्तीत राहून काम करणारे क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झालं. तेच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस, झालं. नंतर मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आली. व्यक्तीशी एकेकट्याने, तिच्या परिस्थितीसकट काम कसं करायचं, याचं शिक्षण तिथे मिळू लागलं. शिकलेली मुलं-मुली रिमांड होममध्ये आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या परिविक्षा व अनुरक्षण (म्हणजे देखरेख आणि नंतरचा आधार) संघटनांमध्ये रुजू झाली. वर्गात त्यांना शिकवलं जाई की समोरच्याचा विश्वास मिळवा, त्याचं गुपित जपा. नोकरीत पहिल्याच दिवशी अहवालाचा नमुना हातात पडे.

आणखी एक अडचण होती. १९२४ चा कायदा आणि त्याच्या जागी आलेला १९४८ चा मुंबई बालक अधिनियम या दोन्हींत चोरी केलेला मुलगा आणि आईबापांच्या हातून सुटलेला, उपाशी मुलगा एकाच बाल न्यायालयासमोर येत. केंद्रशासित प्रदेशांसाठी १९६० साली झालेल्या कायद्याने निराधार मुलांसाठी बालकल्याण मंडळ वेगळं केलं, महाराष्ट्राला ते मिळायला १९८७ उजाडलं. तोपर्यंत 'रिमांड होममध्ये टाकीन' ही घराघरातली धमकी झाली होती. जिथे मदतीला जायचं ती जागाच शिक्षेची वाटत असेल, तर कोणती आई आपणहून तिथे जाईल?

ऐंशीचं दशक माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं. १९८४ मध्ये टिसने मुंबई पोलिसांच्या बरोबरीने स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि प्रशिक्षित कार्यकर्ती थेट पोलिसांच्या आवारात बसू लागली. त्याच वर्षी कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला. तिथे समुपदेशकाला अधिकृत जागा मिळाली. त्याच वर्षी लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकाला शिस्त लावली आणि गृहभेटीच्या अहवालाला वजन आलं. १९८६ मध्ये मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर न्यायालयाने तुरुंगांतल्या मुलांचा प्रश्न ऐरणीवर आणला. वर्ष संपता संपता बाल न्याय अधिनियम आला. १९८७ मध्ये लागू झालेला तो जम्मू-काश्मीर वगळता देशभर एकच कायदा होता.

१९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मान्य केला. २००० च्या कायद्याने बालकल्याण समिती आणली. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी वेगळ्या ठेवलेल्या बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याच्या जोडीला दोन सामाजिक कार्यकर्ते बसले, त्यांतली एक तरी स्त्री. आता लागू असलेला २०१५ चा कायदा तर स्पष्टच सांगतो की मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय. मूल चोवीस तासांत समितीपुढे आणायचं, पंधरा दिवसांत तपासणी पुरी करायची, चार महिन्यांत अंतिम आदेश द्यायचा. मूल सोपवणाऱ्या पालकांना फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात. त्या साठ दिवसांत आईशी कोण बोलतं आणि कसं बोलतं, यावर एका घराचं पुढचं सगळं अवलंबून असतं.

कायद्याची भाषा बदलली तरी पैशाची वाट बदलायला वेळ लागला. वर्षानुवर्षं अनुदान संस्थेतल्या मुलाच्या डोक्यावर मिळे, घरातल्या मुलासाठी फारसं काही नसे. बालगृहांतल्या कितीतरी मुलांना आई किंवा वडील असतात. त्यांना घरी दोन वेळचं जेवण आणि शाळा परवडत नाही, म्हणून ती तिथे असतात. मूल घरात राहावं म्हणून दरमहा पैसे देणारी महाराष्ट्राची बालसंगोपन योजना हा यावरचा खरा तोडगा. तिच्यातली रक्कम दीर्घकाळ महिना ४२५ रुपये होती. मग ती ११०० झाली आणि २०२३ मध्ये २२५०. योजनेला आता सावित्रीबाईंचं नाव आहे. कोविडमध्ये नवरा गेलेल्या कितीतरी बायकांनी तिचे अर्ज भरले. अर्ज भरून घेणारी, दाखले गोळा करायला सांगणारी, समितीपर्यंत नेणारी बहुतेक वेळा एखादी सोशल वर्करच होती. ही साथ गाजावाजाची नाही, पण मूल घरात राहतं ते तिच्यामुळे.

पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, खटल्यांत तर साथीला कायद्याने नाव आणि जागा दिली. २०१२ च्या या कायद्याच्या नियमांनुसार बालकल्याण समिती मुलासाठी सहायक व्यक्ती नेमू शकते. ती जबाबापासून निकालापर्यंत मुलाबरोबर आणि घरच्यांबरोबर असते, तारखा सांगते, नुकसानभरपाईचा अर्ज कुठे करायचा ते सांगते. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की ही सोय आहे आणि ती मागण्याचा हक्क आहे, हे प्रत्येक प्रकरणात पालकांना सांगायलाच हवं. इथे भूमिका स्वच्छ आहे. ही व्यक्ती कोणाविरुद्ध अहवाल लिहीत नाही.

समितीपुढच्या बाकीच्या प्रकरणांत तसं नाही. कार्यकर्ती घरी जाते. दहा बाय दहाची खोली, स्टोव्ह, कोपऱ्यात दप्तर. आई चहा ठेवते आणि हळूहळू बोलायला लागते: नवरा पितो, मध्ये दोन महिने मी माहेरी होते, धाकटीला मोठीवर सोडून कामाला जावं लागतं. ती हे सांगते ते मदत मिळेल म्हणून. अहवालाच्या रकान्यांत उत्पन्न, घर, व्यसनं, नातेसंबंध, शेजाऱ्यांचं मत हे सगळं भरायचं असतं आणि तेच शब्द तिथे उतरतात. मग 'घरचे वातावरण मुलास पोषक नाही' अशी एक ओळ पुरते. चांगली कार्यकर्ती त्याच अहवालात लिहिते की आजी शेजारच्या गल्लीत राहते, आई पहाटे डबा करून जाते, बालसंगोपनाचा लाभ दिल्यास मूल घरी राहू शकेल. घर तेच असतं, पण दोन अहवालांतून दोन वेगळे आदेश निघतात. म्हणून मला वाटतं, एकाच व्यक्तीवर तपासणी आणि आधार ही दोन्ही ओझी टाकणं थांबायला हवं. महाराष्ट्राच्या कुटुंब न्यायालयांच्या नियमांत समुपदेशकापाशी केलेलं बोलणं गोपनीय मानलं जातं. समितीपुढच्या आईला तशी एकही जागा नाही जिथे ती निर्धास्त बोलेल.

उलट गोपनीयता तिच्याच आड येते. २०१५ च्या कायद्याच्या कलम ९९ नुसार अहवाल गोपनीय आहे. त्यातला सारांश पालकांना सांगायचा की नाही, त्यांना आपली बाजू पुराव्याने मांडू द्यायची की नाही, हे समितीने ठरवायचं. पालक तशी मागणी करू शकतात, पण हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्याने स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. समितीच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. प्रतिपालकत्व (मूल तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबात ठेवणं) आणि प्रायोजकत्व (मुलासाठी कुटुंबाला पैशाची मदत) यांच्या निर्णयांवरचं अपील मात्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जातं. आदेश हातात पडताच आईला ते ३० दिवस समजावून सांगणं, अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा ते दाखवणं, हे कोणत्याही नमुन्यात नसलेलं काम आज काही संस्थांच्या कार्यकर्त्या स्वतःहून करतात. ते जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या एखाद्या पदाचं नेमून दिलेलं काम व्हायला हवं आणि त्या पदावरच्या माणसाकडे तपासणीचा अहवाल नसावा.