गरिबाघरची पोरं लठ्ठ कशी होतात?

गरिबी म्हटलं की आपल्याला बरगड्या मोजता येतील असं पोरगं आठवतं, आणि ते काही खोटं नाही, फार गरीब देशांत अजूनही बहुतेक ठिकाणी वजन वाढतं ते पैसेवाल्यांच्याच मुलांचं. पण देशात पैसा खेळायला लागला की हे हळूहळू उलटं होतं. इंग्लंडमध्ये दरवर्षी सरकारी शाळांतल्या 4-5 आणि 10-11 वर्षांच्या मुलांची उंची-वजन मोजतात. 2022-23 मध्ये सगळ्यात गरीब भागांतली 10-11 वर्षांची साधारण 30 टक्के मुलं लठ्ठ निघाली, सगळ्यात सुखवस्तू भागांत 13 टक्के. आणि 4-5 वर्षांच्या मुलांतही फरक दुपटीचाच, म्हणजे नुकती कुठे शाळेत यायला लागलीयत तेव्हाच.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे "आईबापाला कळत नाही हो". मला हे उत्तर आळशीपणाचं वाटतं. कळतं सगळ्यांना, गणित जमत नाही.

पहिलं गणित सरळ आहे. 100 ग्रॅम तेलात 900च्या आसपास कॅलरी, साखरेत 400, काकडीत जेमतेम 15. खिशात मोजके पैसे आणि चार पोटं भरायची असतील तर माणूस कुठे वळणार ते सांगायला नको. त्यात पाकीटबंद खाणं स्वस्त, टिकाऊ, गॅस पेटवायची पण गरज नाही, आणि ते नकळत जास्त खाल्लं जातं. केव्हिन हॉल या संशोधकाच्या टीमने अमेरिकेत 20 मोठ्या माणसांवर एक प्रयोग केला, त्याचा पेपर 2019 मध्ये आला. दोन आठवडे असं प्रोसेस्ड खाणं, दोन आठवडे साधं, दोन्हींत समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, फॅट सारखंच आणि हवं तेवढं खायची मुभा. तर प्रोसेस्डवर लोक दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होते! हे मोठ्यांचं, मुलांवर असा प्रयोग कोण करू देणार.

दुसरं गणित मात्र फार कमी लोकांच्या लक्षात येतं. लहान मूल नवीन भाजी पहिल्या घासाला थुंकतं, त्यात नवल काही नाही. अभ्यास सांगतात की बऱ्याच मुलांना एखादी चव पटायला ती 8 ते 15 वेळा तरी समोर यावी लागते. आता आईच्या जागी उभं राहून बघा, भाजी आणली, निवडली, शिजवली, पोराने तोंड वाकडं केलं, ताट तसंच, आणि पोरगं उपाशी. ज्या घरात पैसा आहे तिथे भाजी कचऱ्यात जाते आणि त्याला दुसरं काहीतरी मिळतं, उद्या परत तीच भाजी करता येते. ज्या घरात नाही तिथे एवढी नासाडी परवडतच नाही, मग आई तेच आणते जे पोर नक्की संपवेल, म्हणजे गोड नाहीतर तळलेलं, आणि पोराला त्याचीच चव लागते. हा अडाणीपणा नाही, चोख हिशोब आहे, फक्त बिल दहा वर्षांनी येतं.

बाकी कारणं आहेतच. कमी झोप (दाटीवाटीचं घर, आईबापाच्या शिफ्ट), खेळायला सुरक्षित जागा नाही, घरातला सततचा ताण, सगळं एकात एक गुंतलेलं.

मग पैसे दिले की प्रश्न सुटतो का? इथे गोष्ट जरा मजेशीर होते. अमेरिकेत चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीच्या एका गटाने 1996 पासून आपल्या कॅसिनोच्या नफ्यातून आपल्या सभासदांना पैसे वाटायला सुरुवात केली, तेव्हा सुरुवातीला सगळ्यात गरीब असलेल्या घरांतल्या मुलांचं वजन उलट वाढलेलं दिसलं. पण कॅलिफोर्नियातल्या अशाच मूळ रहिवासी जमातींवरचा 2014 मधला अभ्यास म्हणतो, कॅसिनो वाढले तिथे जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण कमी झालं. म्हणजे नुसती रोकड बघून काही सांगता येत नाही, ती कुठल्या वयात येते, आसपास काय विकलं जातं, यावर बरंच अवलंबून असणार असं मला वाटतं.

नासाडीची जोखीम आईच्या पर्समधून काढून घेणं हा वेगळा रस्ता. इंग्लंडमध्येच 4 ते 6 वर्षांच्या मुलांना शाळेत रोज एक फळ किंवा भाजी फुकट मिळते, थुंकली तरी घरचं काही जात नाही. तिकडच्या उत्तर भागात तपासलं तर योजनेत असेपर्यंत मुलांचं फळ खाणं वाढलेलं दिसलं, पुढच्या वर्गात गेल्यावर फुकटचं फळ बंद झालं आणि खाणं परत होतं तिथेच आलं.