आकडा शून्य, वाट चालू

फायरवॉल म्हणजे नेटवर्कमध्ये कोणाला आत-बाहेर सोडायचं ते नियमांच्या यादीवरून ठरवणारा पहारेकरी. तिची साफसफाई करायची म्हटली की पणजीतल्या कार्यालयांत काय आणि वेर्ण्याच्या कारखान्यांत काय, एकच युक्ती चालते. नियमांची यादी उघडायची आणि ‘हिट काउंट’च्या, म्हणजे नियम किती वेळा लागला ते मोजणाऱ्या काउंटरच्या रकान्यात शून्य दिसेल तो नियम पुसायचा. शून्य म्हणजे वापर नाही, ही समजूत चुकीची आहे.

साफसफाई मात्र हवीच. कंत्राटदार निघून जातो, सर्व्हर भंगारात जातो, पण त्यांच्यासाठी दिलेली मुभा यादीत तशीच राहते. पुढे तोच आयपी पत्ता (नेटवर्कमधली संगणकाची ओळख) नव्या मशीनला मिळाला की तिला ती वाट आयतीच उघडी सापडते. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो ४४५ या पोर्टवरून, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारातून. असं पोर्ट उगाच उघडं राहणं किती महागात पडतं, ते तेव्हा जगाने पाहिलं.

आता शून्याकडे वळू. हल्लीच्या बहुतेक फायरवॉल ‘स्टेटफुल’ असतात. दोन संगणकांमधली टीसीपी पद्धतीची जोडणी सुरू होताना पहिलं ‘सिन’ पॅकेट, म्हणजे जोडणी मागणारा माहितीचा छोटा तुकडा, येतं आणि नियमांच्या यादीशी ताडून पाहिलं जातं ते हेच. परवानगी मिळाली की दोन्ही बाजूंचे पत्ते, पोर्ट आणि जोडणीची अवस्था एका वेगळ्या तक्त्यात नोंदली जाते. पुढची सगळी पॅकेटं हा तक्ता पाहूनच सोडतात. पणजी-मडगाव शटलचं तिकीट खिडकीवर एकदा काढलं की वाटेत पुन्हा काढावं लागत नाही, तसंच. लिनक्स या प्रणालीवरच्या फायरवॉलच्या नेहमीच्या मांडणीत त्यामुळे एका जोडणीमागे नियमाचा आकडा एकदाच वाढतो. यंत्रावर देखरेख करणारा एखादा संगणक डेटाबेसशी महिनोन्‌महिने जोडलेला असेल आणि मध्येच कोणी काउंटर शून्यावर आणले, तर माहिती अखंड वाहत असतानाही रकान्यात शून्यच दिसेल.

याची दुसरी बाजू जास्त घातक. अशा मांडणीत नियम पुसला तरी चालू जोडणी तुटत नाही. लिनक्समध्ये प्रस्थापित टीसीपी जोडणीची नोंद काहीही हालचाल नसताना ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस टिकते, आणि प्रत्येक पॅकेटला ही मुदत नव्याने सुरू होते. सोमवारी नियम काढला, सगळं सुरळीत, काम फत्ते! मग पावसाळ्यातल्या एका रात्री वीज जाते, यूपीएस दम तोडतो, फायरवॉल नव्याने सुरू होते. तक्ता कोरा झालेला असतो. नवं सिन पॅकेट येतं आणि त्याला नियमच सापडत नाही. दोष विजेवर जातो.

म्हणून नियम आधी फक्त निष्क्रिय करावा, पुसू नये. त्याच वेळी त्या वाटेवरच्या चालू जोडण्या ठरवून तोडाव्यात. दोन्हीकडची माणसं हजर असताना त्या नव्याने जुळतात का ते पाहावं. जुनी मांडणी जपून ठेवावी. ज्युनिपर या कंपनीच्या नेटवर्क उपकरणांत यासाठी सुरेख सोय आहे: बदल तात्पुरता लावायचा, दहा मिनिटांत पक्का केला नाही तर जुनी मांडणी आपोआप परत येते.

किती काळ वाट पाहायची? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात. पण गोव्यातल्या हॉटेलचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो. सप्टेंबरअखेर मागचे १८० दिवस चाळले, तर हंगामातलं जवळजवळ काहीच हाती लागणार नाही. वर्षाचं चक्र पुरं पाहायलाच हवं.

दसऱ्याला सर्व्हरच्या रॅकला हळदकुंकू वाहणाऱ्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण ‘चालतंय त्याला हात लावू नका’ ही भीती त्या पूजेला जोडली की धोकादायक नियम वर्षानुवर्षं तसेच राहतात. आणि ‘एआय आपोआप सफाई करेल’ म्हणून विकलं जाणारं उपकरण हेच काउंटर वाचत असेल, तर तेही इथेच फसेल.

एका प्रकारचं शून्य मात्र खरंच कायमचं असतं. यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिला जुळणारा नियम लागतो. वर १०.१०.०.० पासूनच्या अख्ख्या पट्ट्याला सगळीकडे मुभा असेल, तर खाली त्यातल्याच एका संगणकाला फक्त १४३३ पोर्टची मुभा देणाऱ्या नियमापर्यंत काहीच पोचत नाही. खालचा नियम काढून आज काहीच बिघडणार नाही. तरीही तो ठेवावा: नेमकी गरज काय आहे ते तोच सांगतो, आणि काढायचा आहे तो वरचा ऐसपैस नियम.