काळा मुंगळा

काळा मुंगळा किंवा डोंगळा म्हणजे घरात, अंगणात आणि झाडाच्या बुंध्याशी दिसणारी मोठी काळी मुंगी. शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. कुल फॉर्मिसिडी, उपकुल फॉर्मिसिनी. कॅम्पोनोटस या प्रजातीतील, म्हणजे जवळच्या जातींच्या गटातील, मुंग्यांना सुतार मुंग्या म्हणतात. तिच्यात जगभरात हजाराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, त्यामुळे ती मुंग्यांच्या सर्वांत मोठ्या प्रजातींपैकी एक ठरते. काळ्या मुंगळ्याचा आढळ भारतीय उपखंडात सर्वदूर आहे. मुंबईत तो बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जसा सापडतो, तसाच दादरच्या जुन्या चाळीच्या ओट्यावरही.

नामकरण. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिश्चन फाब्रिसियस यांनी १७८७ मध्ये या जातीचे वर्णन केले. त्या काळी जवळजवळ प्रत्येक मुंगी फॉर्मिका या एकाच प्रजातीत टाकली जाई, म्हणून मूळ नाव फॉर्मिका कॉम्प्रेसा असे पडले. पुढे ऑस्ट्रियाचे गुस्ताव मायर यांनी १८६१ मध्ये कॅम्पोनोटस ही प्रजाती वेगळी काढली आणि मुंगळ्याची तिच्यात रवानगी झाली. प्रजाती बदलल्यामुळे आजही या नावापुढे फाब्रिसियस आणि १७८७ हे साल कंसात लिहितात. कंस नसेल तर जात मूळ वर्णनातल्याच प्रजातीत आहे, असा त्याचा अर्थ होतो.

मधल्या काळात याच मुंगळ्याला आणखी नावे मिळाली. त्यातले एक आपल्या भागातले आहे. मुंबई इलाख्याच्या सेवेतील कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३० च्या दशकात पुण्यातील मुंगळ्यांना फॉर्मिका इंडेफेसा, म्हणजे न थकणारी, असे नाव दिले. त्यांच्या घरी गोड पदार्थांच्या टेबलाचे पाय भांड्यांत बुडवून ठेवले, तर मुंगळे भिंतीवर चढून वरून टेबलावर पडू लागले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. गुळाच्या डब्याभोवती पाण्याची परात ठेवणाऱ्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. नाव सुरेख होते, पण फाब्रिसियस यांचे नाव आधीचे असल्याने अग्रक्रमाच्या नियमानुसार ते मागे पडले.

भारतातील मुंग्यांच्या अभ्यासात मुंबईचा वाटा मोठा आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात वनाधिकारी आर. सी. रॉटन यांनी १८९२ मध्ये भारतीय मुंग्यांवर लेखन केले. त्याच नियतकालिकात स्विस शास्त्रज्ञ ऑग्यूस्त फोरेल यांची भारत व श्रीलंकेतील मुंग्यांवरील फ्रेंच लेखमाला १८९२ पासून दहा-अकरा वर्षे येत राहिली. त्या कामाचा आधार घेऊन सी. टी. बिंगहॅम यांनी १९०३ मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत मुंग्यांचा खंड लिहिला. त्यातली ओळख-कोष्टके आता जुनी झाली असली, तरी अभ्यासक ती अजूनही उघडतात.

ओळख. मुंगळा ओळखताना सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे आकार. एकाच वारुळातील कामकरी मुंग्या लहान, मध्यम आणि मोठ्या अशा असतात. लहान कामकरी साधारण ७-८ मिलिमीटर लांब, सडपातळ आणि लांबट डोक्याची असते. मोठी दीड सेंटीमीटरच्या आसपास भरते आणि तिचे डोके शरीराच्या मानाने अवाढव्य, मागच्या बाजूला खोलगट असते. दोघी शेजारी ठेवल्या तर नवख्या माणसाला त्या दोन जाती वाटतात. मुंग्यांच्या वर्गीकरणात एकाच जातीला अनेक नावे पडली, त्यामागे हेही एक कारण आहे: नमुना सुटा येई, वारूळ बरोबर येत नसे. म्हणून संग्रहासाठी एकाच वारुळातील लहान-मोठ्या मुंग्या एकत्र घेणे ही या प्रजातीबाबत पहिली अट मानावी. सुट्या मुंगीवरून जातीचे नाव ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आधी प्रजाती पक्की करावी लागते. कंबरेला एकच गाठ, कामकरीच्या शृंगिकेला (डोक्यावरच्या स्पर्शिकेला) १२ खंड, दोन मोठ्या डोळ्यांखेरीज डोक्यावर ठिपक्यांसारखे साधे डोळे नाहीत आणि नांगी नाही, ही पहिली लक्षणे. नांगीच्या जागी पोटाच्या टोकाला केसांची झालर असलेले गोल छिद्र असते. त्यातून फॉर्मिक आम्ल फवारले जाते. मुंगळा आधी जबड्याने धरतो आणि मग चावलेल्या जागी आम्ल सोडतो, म्हणून आग होते. भिंगाखाली पाहण्याचे निर्णायक लक्षण चेहऱ्यावर आहे. जबड्यांच्या वरच्या पट्टीच्या मागच्या कडेपासून शृंगिकांची खोबण स्पष्ट अंतरावर असते. फॉर्मिसिनीतील इतर पुष्कळ मुंग्यांत ती कडेला जवळजवळ टेकलेली असते.

जातीची खूण त्यानंतर. काळ्या मुंगळ्याचा रंग निस्तेज काळा असतो, जबडे व मांड्यांवर गडद तांबूस छटा दिसते. बाजूने पाहिल्यास पाठीची रेषा सलग कमानदार असते, मध्ये खाच नसते. पायांच्या नळ्या बाजूंनी चपट्या असून त्यांच्या खालच्या बाजूला काटेरी केसांची ओळ असते. पोटावर दाट लव नसते. ही शेवटची बाब महत्त्वाची आहे, कारण कॅम्पोनोटस सेरिसियस या जवळच्या जातीच्या पोटावर सोनेरी रेशमी लव असते आणि तिच्या पाठीवर ठळक खाचही असते. कॅम्पोनोटस पॅरियसच्या पोटावर करडी-रुपेरी चमक असते. कॅम्पोनोटस अँगस्टिकॉलिसच्या लहान कामकरीचे डोके मागे निमुळते होत मानेसारखे दिसते.

प्रजातीबाहेरचे तोतयेही आहेत. डायकामा ही काळी मुंगी बहुधा एकटी फिरते. तिच्या अंगावर बारीक समांतर रेषा कोरलेल्या असतात आणि ती नांगी मारते. लेप्टोजेनिस प्रजातीच्या सडपातळ काळ्या मुंग्या पावसाळ्यात दाट रांगा करून जाताना दिसतात; त्यांनाही नांगी असते. पॉलिरॅकिसच्या पाठीवर किंवा कंबरेवर काटे असतात. मुंगीची नक्कल करणारे कोळी तर फोटोत हमखास चकवतात. आठ पाय मोजले की सोंग उघडे पडते.

राहणी. सुतार मुंगी म्हटले तरी काळा मुंगळा लाकूड खात नाही आणि बहुतेक वेळा लाकडात राहतही नाही. त्याचे वारूळ प्रामुख्याने जमिनीत, झाडाच्या मुळाशी असते. बाहेर काढलेल्या मातीचा सैल ढीग तोंडाशी साचतो. मुंबईत दाराची चौकट पोखरली गेली तर पहिला संशय वाळवीवर घ्यावा. पावसाच्या तोंडावर दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात, तेव्हाही हा घोळ होतो. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, शृंगिका सरळ आणि कंबर जाड असते. मुंगीचे पुढचे पंख मोठे, शृंगिका कोपरात मोडलेली आणि कंबर बारीक.

मुंगळ्याला गोड प्रिय. मावा, पिठ्या ढेकूण आणि झाडांवरचे रसशोषक तुडतुडे जो मधुर रस सोडतात, तो मिळवण्यासाठी मुंगळे त्यांची राखण करतात. काही वनस्पतींच्या पानांवर व कळ्यांवर फुलाबाहेरच्या मधुग्रंथी असतात, घोसाळ्याच्या वेलीवर त्या सहज दिसतात. तिथेही मुंगळ्यांचा राबता असतो. मेलेले किडेही ते ओढून नेतात. अशा गोड पण निकस आहाराची भरपाई अंशतः कॅम्पोनोटसच्या आतड्याच्या पेशींत राहणारे ब्लॉकमॅनिया हे जिवाणू करतात. ते मुंगीला आवश्यक अमिनो आम्ले पुरवतात आणि राणीकडून अंड्यांवाटे पुढच्या पिढीत जातात.

नमुना जपायचा असेल तर मुंग्या अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात, डीएनए तपासणीसाठी सुमारे ९५ टक्के तीव्रतेच्या. कोरड्या संग्रहात त्या टाचणीने टोचत नाहीत. त्रिकोणी कार्डाच्या टोकावर डिंकाने चिकटवतात आणि टाचणी कार्डात रोवतात. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, झाड किंवा जमीन, आणि कोणत्या वारुळातील हे लिहिलेले असावे. नुसत्या छायाचित्रावरून ओळख हवी असेल, तर समोरून चेहरा, बाजूने पाठीची रेषा आणि वरून पोट असे तीन कोन घ्यावेत, शक्यतो मोठ्या व लहान दोन्ही कामकरींचे.