नास्तिक कोण, हे आधी दुसऱ्यांनीच ठरवलं

कोणी स्वतःला नास्तिक म्हटलं की श्रद्धाळू माणूस बहुतेक वेळा विचारतो, मग तुम्हाला चांगलं-वाईट कशावरून कळतं, किंवा देव नाही हे सिद्ध करून दाखवा. नास्तिक वैतागतो, कारण त्याने यातलं काहीच म्हटलेलं नसतं. पण हे प्रश्न आकाशातून पडलेले नाहीत, त्यांना मोठा इतिहास आहे.

नास्तिक ही आधी ओळख नव्हतीच, आरोप होता. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला तो अथेन्सचे देव मानत नाही म्हणून, आणि गंमत नाही तर खरंच, रोमन लोक पहिल्या ख्रिश्चनांनाही नास्तिक म्हणायचे कारण ते रोमच्या देवांना पूजत नव्हते. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिश्चन लेखकाने तर लिहूनच टाकलं की तुमच्या त्या देवांच्या बाबतीत आम्ही नास्तिक आहोत हे कबूल. आपल्याकडे वेगळाच निकष होता, वेदांचं प्रामाण्य, म्हणजे वेद प्रमाण मानता की नाही. त्यामुळे जग निर्माण करणारा ईश्वर न मानणारी मीमांसा ही विचारपरंपरा आस्तिक दर्शनांत बसली आणि जैन-बौद्ध नास्तिक ठरले.

मग नीतीचा प्रश्न. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे झालंय. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणजे धार्मिक सहिष्णुतेचा मोठा पुरस्कर्ता, पण १६८९ मध्ये त्यानेच लिहिलं की नास्तिकांना सहन करू नये, कारण देवाची भीती नसलेल्या माणसाच्या वचनाला आणि शपथेला काय अर्थ? त्या काळी कोर्ट, करार, सरकारी पद सगळं शपथेवर चालायचं, म्हणजे नास्तिक म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबता येत नाही असा माणूस. पिएर बेल या फ्रेंच विचारवंताने त्याआधीच, १६८२ मध्ये, नास्तिकांचा समाजही सचोटीने जगू शकतो असं मांडलं होतं, पण ते ऐकलं कोणी? पुढे १८८० मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड नास्तिक ब्रिटिश संसदेवर निवडून आला, देवाच्या शपथेऐवजी नुसतं प्रतिज्ञापूर्वक सांगतो म्हणाला तर नाही म्हणाले, मग शपथ घ्यायला तयार झाला तर तीही घेऊ देईनात, मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले आणि तरी जागेवर बसायला १८८६ उजाडलं. १८८८ च्या कायद्याने शेवटी प्रतिज्ञेची मुभा मिळाली. देव नाहीच असं मी म्हणत नाही, तुम्ही देव म्हणजे काय ते आधी नीट सांगा, अशीच ब्रॅडलॉची भूमिका होती, हे मात्र त्याच्या विरोधकांनी कधी कानावर घेतलं नाही.

विसाव्या शतकात आणखी एक भीती जोडली गेली, सोव्हिएत राजवटीने चर्च बंद केली, अल्बानियाने १९६७ मध्ये सगळी प्रार्थनास्थळं बंद करून स्वतःला नास्तिक राष्ट्र म्हणवलं. ज्यांच्या घरातल्यांनी हे भोगलं त्यांना नास्तिक म्हणजे देऊळ-चर्च पाडणारा वाटला तर त्यांना अडाणी म्हणणं अन्याय आहे.

आजचे बरेच नास्तिक जो अर्थ सांगतात, की आमचा विश्वास नाही एवढंच, तो अँटनी फ्लू या तत्त्वज्ञाने १९७० च्या दशकात ठामपणे मांडला. त्याचं म्हणणं, पुरावा द्यायची जबाबदारी देव आहे म्हणणाऱ्याची. पण तत्त्वज्ञानातले अनेक अभ्यासक अजूनही देव नाही हा दावा असाच अर्थ धरतात, आणि तो अर्थ धरला तर पुरावा मागणारा श्रद्धाळू काही चुकीचं मागत नाहीये.